भावाचं दिवाळं निघालं आणि होम लोन दोघांच्या नावावर आहे, आता काय करायचं

घर दोघा भावांचं, लोनवर सह्या दोघांच्या, आणि एकाचा धंदा बसला. अशा वेळी घरात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "मी माझा अर्धा हप्ता भरतोय ना, त्याच्या अर्ध्याचं तो बघेल". हे आधी डोक्यातून काढून टाका, कारण बँकेच्या लेखी अर्धा हप्ता असा प्रकारच नसतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ सरळ सांगतं की दोघांनी मिळून कबूल केलेलं देणं घेणेकरी कुणाही एकाकडून पूर्ण वसूल करू शकतो. भावाकडून त्याचा हिस्सा मागायचा हक्क तुम्हाला त्याच कलमात आहे, पण ज्याच्या खिशात काही नाही त्याच्याकडून काय मागणार. पुढचं कलम ४४ म्हणतं की घेणेकऱ्याने एकाला मोकळं केलं तरी बाकीचे मोकळे होत नाहीत. म्हणजे उद्या कोर्टाने भावाला कर्जातून सोडवलं तरी तुमचं लोन जिथल्या तिथे.

अर्ध्या हप्त्याचं गणित एकदा कागदावर मांडूनच बघा. ५० लाखांचं लोन, ८.५ टक्के, २० वर्षं, तर हप्ता येतो साधारण ४३,३९१ रुपये. तुम्ही इमानदारीत दर महिन्याला २१,६९६ भरताय आणि भावाकडून शून्य. बँक आलेले पैसे सगळ्यात जुन्या थकबाकीला लावते, त्यामुळे पहिला हप्ता पूर्ण व्हायला दोन महिने लागतात, दुसरा चौथ्या महिन्यात पूर्ण होतो, तिसरा सहाव्यात, आणि दर वेळी मागे पडलेलं अंतर वाढतच जातं. थकबाकी ३० दिवसांपर्यंत असली की खातं एसएमए-० मध्ये (एसएमए म्हणजे बँकेची धोक्याच्या खात्यांची यादी), ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२ आणि ९० च्या वर गेलं की एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत खातं. वरच्या हिशोबात सहाव्या-सातव्या महिन्यात खातं एनपीए होतं, तेही एकही महिना न चुकवता पैसे भरून! आणि दंडाचे चार्जेस मी धरलेलेच नाहीत. बरं, एकदा एनपीए झालं की थोडेफार पैसे टाकून ते परत स्टँडर्ड, म्हणजे नियमित, होत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी पूर्ण भरल्याशिवाय खातं वर काढता येत नाही. म्हणून हप्ता भरायचा तर पूर्ण भरायचा, आणि तो झेपत नसेल तर घर विकायचा विषय आत्ताच काढायचा. अर्धं भरत राहणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे कारण पैसेही जातात आणि घरही जातं.

दिवाळं म्हणजे नक्की काय झालंय ते आधी विचारा

आपल्याकडे धंदा बंद पडला, घेणेकरी दारात यायला लागले की लोक "दिवाळं निघालं" म्हणतात, पण कोर्टात काही दाखल झालेलं असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसतंच. तुमचं पुढचं सगळं यावर ठरतं, म्हणून भावाला लाज वाटत असली तरी बसवून विचारा.

धंदा प्रोप्रायटरशिप किंवा पार्टनरशिप असेल तर धंद्याचं देणं हे त्याचं स्वतःचं देणं, घरातल्या त्याच्या हिश्शापर्यंत ते येऊ शकतं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनीचं देणं कंपनीचं, पण बँकेने डायरेक्टरची पर्सनल गॅरंटी घेतलेली असते आणि ती नसलेली केस मी तरी फार कमी पाहिली. अशा गॅरंटरसाठी १ डिसेंबर २०१९ पासून दिवाळखोरी संहितेचा, म्हणजे आयबीसीचा भाग लागू झालाय आणि कंपनीचीही केस चालू असेल तर मॅटर एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जातं. तिथे अर्ज पडला की त्याच्या देण्यांच्या वसुलीला तात्पुरती स्थगिती मिळते, लोक खूश होतात आणि होम लोनचा हप्ताही थांबवतात. तसं करू नका. त्या स्थगितीचा फायदा सहकर्जदाराला मिळतो का यावर वाद घालण्यात वर्ष जाईल, व्याज मात्र रोज चढतंय. आणि दिवाळखोराला राहतं घर वाचवायची जी सवलत त्या कायद्यात आहे ती तारण नसलेल्या घराला आहे, आपलं तर बँकेकडे गहाण आहे.

साध्या माणसाने, म्हणजे ज्याचा कंपनीच्या गॅरंटीशी संबंध नाही त्याने स्वतःला नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवून घ्यायचं असेल तर अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो, अर्ज जिल्हा न्यायालयाकडे, आणि मुंबई शहरात १९०९ चा वेगळा कायदा, तिथे हायकोर्ट. किती जुना कायदा आहे त्याचा अंदाज यावरून घ्या की १९२० च्या कायद्यात कर्जदाराला अर्ज करायला देणं किमान ५०० रुपये असलं की पुरतं! पण जुना म्हणून हलक्यात घेऊ नका. कोर्टाने नादार जाहीर केलं की त्या माणसाची मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, घरातला हिस्साही त्यातच आला. त्यानंतर भावाने तुम्हाला हक्कसोड लिहून दिलं तर त्याला अर्थ उरत नाही, कारण सोडायला हक्क त्याच्याकडे राहिलेलाच नाही, जे बोलायचं ते रिसीव्हरशी. गहाण घेतलेल्या बँकेला मात्र यातलं काही आड येत नाही, ती तिचं तारण विकायला मोकळी असते.

पहिल्या आठवड्यातली कामं

सगळ्यात आधी हप्ता कुठल्या खात्यातून कटतो ते बघा. बहुतेक घरांत मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, एकाच भावाच्या खात्यावर असतं आणि नेमकं ते धंदेवाल्याचं असतं कारण सुरुवातीला त्याच्याकडेच पैसा होता. आता त्या खात्यावर दुसऱ्या बँकेच्या वसुलीमुळे लियन लागतं, म्हणजे पैसे अडवून ठेवले जातात, किंवा खातं फ्रीज होतं, तुम्ही ५ तारखेच्या आधी त्याच खात्यात पैसे पाठवता, पैसे आत जाऊन अडकतात, हप्ता बाऊन्स होतो, वर बाऊन्स चार्ज आणि दोघांच्याही सिबिलवर थकबाकी. तुमचे पैसे भावाच्या दुसऱ्याच देण्यात गेले आणि परत मिळायचे नाहीत. त्यामुळे नवीन ऑटो-डेबिटचं (नाच) मँडेट तुमच्या खात्यावर द्या, ते रजिस्टर व्हायला वेळ लागतो, तोपर्यंत पैसे थेट लोन अकाउंट नंबरवर भरा आणि पावती जपून ठेवा. ज्या बँकेत भावाचं धंद्याचं कर्ज आहे तिथे तुमचं दोघांचं जॉइंट खातं किंवा एफडी असेल तर त्यातून तुमची बचत काढून दुसरीकडे न्या. तुमची स्वतःची कमाई आहे, यात गैर काही नाही, फक्त पैसे कुठून आले याचा पुरावा हाताशी ठेवा.

दुसरं, घर नक्की किती कर्जांना तारण आहे. हे मी मुद्दाम ठळक सांगतोय कारण इथेच लोकांच्या पायाखालची जमीन सरकते. होम लोनचं स्टेटमेंट काढलं, बाकी ३१ लाख, लोकांना वाटतं एवढंच. मग कळतं की चार वर्षांपूर्वी त्याच घरावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, झालाय, किंवा धंद्याच्या सीसी (कॅश क्रेडिट) लिमिटला हेच घर कोलॅटरल दिलंय आणि भाऊ "सही कर रे, रिन्युअल आहे" म्हणाल्यावर तुम्ही सही केली होती. सॅंक्शन लेटर, गहाणाचे कागद, टॉप-अपचे कागद सगळे मागवा, बँकेला कर्जदार म्हणून लेखी अर्ज केला की कॉपी मिळते. सरसाईच्या, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणीच्या साइटवर थोडी फी भरून त्या मालमत्तेवर कुणाकुणाचा बोजा नोंदलाय ते बघता येतं. सब-रजिस्ट्रार ऑफिसमधला सर्चही वकिलाकडून करून घ्या. घर सीसीलाही तारण असेल तर होम लोन फेडून घर सुटणार नाही, मग हप्त्यासाठी दागिने मोडायच्या आधी पूर्ण आकडा समोर पाहिजे.

तिसरं, आई किंवा वहिनी कुठे सहीला आहेत का बघा. मालकीत नाव नसताना लोनमध्ये सही असते, कधी उलटं असतं, कधी काकांना जामीन ठेवलेलं असतं आणि त्यांना आठवतही नसतं. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक आधी कर्जदाराच्या मागे जाऊन मग जामीनदाराकडे येईल असं काही बंधन नाही. त्यांना आत्ता सांगितलेलं बरं, नोटीस आल्यावर कळलं तर नात्याचं काय होतं ते सांगायला नको.

बँकेशी बोलायचं कसं

मॅनेजरसमोर बसून रडगाणं गाऊन उपयोग नाही, ते दोन-तीन वर्षांत बदलून जातात. जे बोललात ते त्याच दिवशी ईमेलवर टाका. काय मागायचं ते स्पष्ट ठेवा: मुदत वाढवून हप्ता कमी होतो का, सहकर्जदार बदलता येतो का, आजची पूर्ण बाकी किती. मुदत वाढवली की एकूण व्याज वाढतं हे खरं पण एका पगारावर घर चालवायचं असेल तर महिन्याचा आकडा महत्त्वाचा. रिस्ट्रक्चरिंग, म्हणजे कर्जाच्या अटी बदलून घेणं, मात्र विचारपूर्वक घ्या, क्रेडिट रिपोर्टवर तसा शिक्का दिसतो आणि पुढची काही वर्षं नवीन कर्ज अवघड होतं. हे सगळं खातं स्टँडर्ड असताना करायचं, एनपीए झाल्यावर फाईल ब्रांचमधून रिकव्हरीकडे जाते आणि तिथे बोलणारी माणसंच वेगळी असतात.

रिकव्हरी एजंट सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू शकत नाही, धमकी, शेजाऱ्यांसमोर अपमान, नातेवाइकांना फोन हे तर अजिबात चालत नाही. तसं झालं तर कॉलची नोंद ठेवून बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, तिथे फी नाही.

भावाचं नाव काढायचं म्हणजे दोन वेगळी कामं

लोनमधलं नाव आणि मालकीतलं नाव. दोन्ही एकत्र समजून लोक गोंधळ घालतात. घरच्या घरी स्टॅम्प पेपरवर "यापुढे घर धाकट्याचं, हप्ते धाकट्याचे" असं लिहून नोटरी केली तर बँकेला त्याचं काही देणंघेणं नाही आणि मालकीही हलत नाही, कारण स्थावर मालमत्तेचा हक्क रजिस्टर दस्ताशिवाय सुटत नाही.

लोनमधून नाव काढायला बँकेची संमती लागते आणि बँक एकच बघते, उरलेल्या माणसाच्या उत्पन्नावर हप्ता बसतो का. बसत नसेल तर बायकोला किंवा कमावत्या मुलाला सहकर्जदार म्हणून आणा. बँक ऐकतच नसेल तर लोन तुमच्या एकट्याच्या नावावर दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर करता येतं, फ्लोटिंग रेटच्या वैयक्तिक होम लोनला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. पण नवीन बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट बघणार, भावाच्या बाऊन्स झालेल्या हप्त्यांनी तो आधीच खराब झाला असेल तर दार बंद. म्हणून म्हणतो, हे पहिल्या दोन महिन्यांत करायचं काम आहे.

मालकीसाठी हक्कसोड पत्र, आणि घर गहाण आहे म्हणून आधी बँकेची एनओसी. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेचं हक्कसोड भाऊ-बहिणींत असेल तर स्टॅम्प ड्युटी ५०० रुपये (२०२४ पर्यंत २०० होती). पण दोघांनी मिळून विकत घेतलेल्या फ्लॅटला ही सवलत लागत नाही, तिथे हिश्शाच्या किमतीवर ड्युटी बसते, आणि "५०० रुपयांत होतं" असं सांगणारे एजंट भरपूर भेटतील. दस्त झाला की सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव बदलून घ्या.

आता इथे एक मोठा खड्डा. घेणेकरी मागे लागलेत म्हणून भावाने आपला हिस्सा फुकटात तुमच्या नावावर करून टाकला, तर ते टिकेल असं समजू नका. १९२० च्या कायद्यात, असा व्यवहार झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर तो माणूस नादार ठरला, तर रिसीव्हर तो व्यवहार रद्द करायला सांगू शकतो. घेणेकऱ्यांना बुडवायला केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खालीही उलटवता येतं. हिस्सा घ्यायचाच असेल तर व्हॅल्युएशन रिपोर्ट काढा, त्याच्या हिश्शाच्या किमतीतून त्याच्या वाट्याचं बाकी लोन वजा करा, जी रक्कम येईल ती बँकेतून द्या. हिस्सा ४० लाखांचा आणि त्याच्या वाट्याचं लोन २५ लाखांचं तर १५ लाख खरेच दिले पाहिजेत. ते पैसे तो घेणेकऱ्यांना देईल की काय करेल हा त्याचा प्रश्न, तुमचा व्यवहार मात्र स्वच्छ राहतो.

नोटीस आलीच तर

पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन येतो, वर बँकेचं नाव दिसतं, आणि घरातलं कुणीतरी "घेऊ नका, परत पाठवा" म्हणतं. घ्या ते पाकीट. नाकारलं म्हणून नोटीस लागू होत नाही असं नाही, बँक ती दरवाजावर चिकटवते आणि दोन पेपरांत छापते, त्यातला एक स्थानिक भाषेतला, म्हणजे सगळ्या बिल्डिंगला कळतं आणि तुमचे उत्तराचे दिवस मात्र वाया जातात.

सरफेसी कायदा २००२ (बँकेला तारण थेट विकून वसुली करू देणारा कायदा), कलम १३(२) ची नोटीस म्हणजे ६० दिवसांत पूर्ण रक्कम भरा. या काळात लेखी आक्षेप घेता येतो आणि बँकेला १५ दिवसांत त्याला कारणांसह उत्तर द्यावं लागतं, तर हिशोबात चूक असेल, तुम्ही भरलेले पैसे धरले नसतील, तर पावत्यांसकट आत्ताच लिहा. ६० दिवस संपले की १३(४) खाली ताबा, आधी कागदोपत्री, मग जिल्हाधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने प्रत्यक्ष. त्याविरुद्ध ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जायचं, महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचं औरंगाबाद) डीआरटी आहेत. दिवाणी कोर्टात स्टे आणून देतो म्हणणाऱ्या वकिलापासून लांब राहा, अशा बाबतीत दिवाणी कोर्टाचा दरवाजा कायद्यानेच बंद केलाय. लिलावाची नोटीस प्रसिद्ध व्हायच्या आत सगळी बाकी भरली तर घर परत मिळवता येतं, त्यानंतर फार अवघड. आणखी एक बारीक गोष्ट, मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी राहिली असेल तर सरफेसी लावताच येत नाही, जुनं लोन असेल तर हा आकडा नक्की तपासा.

माझं मत विचाराल तर हप्ता झेपत नाही हे दिसत असेल तर लिलावाची वाट बघू नका, स्वतः विका. बँकेकडून बाकीचं पत्र घ्यायचं, गिऱ्हाइकाची बँक थेट तुमच्या बँकेला पैसे भरते, उरलेले दोघांत हिश्शाप्रमाणे. लिलावात भाव पडतो, खर्च तुमच्याच डोक्यावर, आणि कमी पडले तर उरलेली रक्कम बँक परत तुमच्याकडे मागते. मात्र भाऊ आधीच नादार जाहीर झाला असेल तर विक्रीला रिसीव्हरची सही लागेल, तो धागा आधी सोडवा.

सेटलमेंट म्हणजे ओटीएसची ऑफर आली तर लगेच नाही म्हणू नका पण हेही माहीत असू द्या की दोघांच्याही रिपोर्टवर "सेटल्ड" असं लागतं, भावाचं तर आधीच गेलंय पण तुमचंही जातं. ऑफर लेटरहेडवर, दोन्ही कर्जदारांची नावं आणि "पूर्ण आणि अंतिम" असे शब्द असल्याशिवाय एक रुपया भरू नका.

घरातला हिशोब

त्याच्या वाटचे हप्ते तुम्ही भरताय तर एक साधी वही किंवा शीट ठेवा, महिना, रक्कम, कुठल्या खात्यातून. भावाने आणि वहिनींनी वर्षातून एकदा त्यावर सही करावी. वाईट वाटतं मागायला, पण पाच वर्षांनी मुलं मोठी झाल्यावर "काकांनी आमचा हिस्सा खाल्ला" हे ऐकण्यापेक्षा आज थोडं अवघड बोलणं परवडतं. रोख देऊ नका, सगळं बँकेतून. टॅक्सचंही बघा, जुन्या रेजिममध्ये राहत्या घराच्या व्याजावर प्रत्येक सहमालकाला २ लाखांपर्यंत वजावट असते, पण तुम्ही सगळा हप्ता भरलात म्हणून भावाच्या हिश्शाची वजावट आपोआप तुमची होत नाही, सीएला आधी विचारून घ्या.

क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांकडून फुकट मिळतो, तो काढत राहा. चूक दिसली तर तक्रार करा, ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला पाहिजे असा नियम आहे. लोन पूर्ण फिटलं की बँकेने मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये. कागद घेताना यादी सॅंक्शनच्या वेळच्या यादीशी एकेक करून ताडून घ्या, आणि सरसाईवरचा बोजा उतरलाय का ते महिन्याभराने परत एकदा सर्च करून बघा.